बॅटरी नवी, डायनॅमो नवा, तरी ट्रक ढकलायचाच: १९५१ च्या शेवरोलेटचं चार्जिंग आणि वायरिंग

आधी तक्रार सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. १९५१ चा शेवरोलेट ३१०० पिकअप, सहा व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचा मायनस गाडीच्या बॉडीला), डेल्को-रेमीचा मूळ डायनॅमो, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणारा, आणि त्याला लगाम घालणारा तीन कॉइलचा रेग्युलेटर. गाडी आठ-दहा दिवस गुणाने चालायची आणि एके सकाळी सेल्फ अर्धा फेरा मारून गप्प. बॅटरी चार्जिंगला टाकून आणली की पुन्हा आठ-दहा दिवस. मधेच एखादा आठवडा असा यायचा की बॅटरी उतरायची तर नाहीच, उलट तिचं पाणी आटलेलं असायचं. हे दोन वर्षं चाललं. तेवढ्यात दोन बॅटऱ्या आल्या, डायनॅमोचं वाइंडिंग दोनदा झालं, नवा रेग्युलेटर आला, आणि शेवटी वैतागून मी सगळी गाडी बारा व्होल्टवर नेऊन अल्टरनेटर बसवला. तीन आठवड्यांनी परत तेच.

दोष डायनॅमोत नव्हता आणि बॅटरीतही नव्हता. रंगकामात होता. कसा, ते सांगतो.

गाडी आजोबांची. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना होता, १९२८ ते १९५४. आजोबा सांगायचे की गाडी तिथलीच. कोल्हापूरच्या गूळ बाजारात तिनं तीस वर्षं ढेपा वाहिल्या आणि मग गोठ्याशेजारच्या शेडमध्ये निवांत उभी राहिली. चार वर्षांपूर्वी मी बाहेर काढली, इंजिन केलं, पत्रा सोलून रंग दिला. रंग सुरेख झाला. केबिन, फेंडर, इंजिनावरचे ब्रॅकेट, सगळं आरशासारखं. तक्रार सुरू झाली ती त्याच दिवाळीनंतर, पण हे दोन धागे जोडायची अक्कल मला दोन वर्षं आली नाही. तोवर आमच्या घरात पाहुण्यांकडे जाताना पहिला प्रश्न एकच असायचा: त्यांच्या दारात उतार आहे का?

लुकासची सवय आणि डेल्कोचा डायनॅमो

पहिल्यांदा गाडी उद्यमनगरात एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. हात चांगला, माणूस प्रामाणिक. त्यांनी डायनॅमोच्या दोन्ही वायरी काढल्या, दोन टर्मिनल तारेने एकमेकांना जोडली, इंजिन थोडं वाढवलं आणि तार ते बॉडी असा मीटर लावला. एक व्होल्टसुद्धा पुरता नाही. "मालक, डायनॅमो गेला बघा. ह्यात आता काय न्हाय."

मी मान डोलावली आणि वाइंडिंगला दिला. इथेच पहिले पैसे पाण्यात गेले. ही चाचणी लुकास कंपनीच्या डायनॅमोची आहे. आपल्याकडच्या मिस्त्र्यांचा हात जुन्या अँबेसिडरवर बसलेला. तिच्या लुकास डायनॅमोत फिल्ड कॉइलचं एक टोक आतच बॉडीला अर्थ असतं, म्हणून दुसऱ्या टोकाला करंट दिला की डायनॅमो उठतो. डेल्कोमध्ये नेमकं उलट. फिल्डचं एक टोक आत आर्मेचरच्या कार्बनला जोडलेलं असतं आणि दुसरं 'एफ' टर्मिनलवर बाहेर येतं. ते रेग्युलेटरमधून जाऊन अर्थ होतं. आता 'ए' (आर्मेचरचं टर्मिनल) आणि 'एफ' जोडलेत तर फिल्डची दोन्ही टोकं एकाच जागी येतात. कॉइलमध्ये करंटच वाहत नाही. धडधाकट डायनॅमोही मेल्यासारखा दिसणारच.

डेल्कोची चाचणी अशी: 'एफ'वरची रेग्युलेटरकडे जाणारी वायर काढा, 'एफ' टर्मिनल तारेच्या तुकड्याने इंजिनाच्या कोऱ्या लोखंडाला लावा, 'ए'ची वायर जागेवर ठेवा आणि इंजिन जरा वाढवा. ॲमीटर झपकन चार्जकडे गेला तर डायनॅमो ठणठणीत आहे, दुखणं रेग्युलेटरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये शोधा. हे पाच-सात सेकंदांतच आटपा, कारण या वेळी डायनॅमोवर कुणाचाच लगाम नसतो. टेबलावर तपासायचा असेल तर 'एफ' बॉडीला जोडा, बॅटरीचा प्लस 'ए'ला आणि मायनस बॉडीला द्या. चांगला डायनॅमो मोटारीसारखा संथ फिरतो. हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावर फळीवरचा डायनॅमो असा लावून पाहिला, तर बिचारा लगेच फिरायला लागला.

दुसरी चूक वाइंडिंग करून आणल्यावर झाली. उघडलेला, दुरुस्त केलेला किंवा वर्षानुवर्षं पडून असलेला डायनॅमो बसवल्यावर इंजिन सुरू करण्याआधी त्याला दिशा शिकवावी लागते, म्हणजे पोलराइझ करावं लागतं. डेल्कोत ते सोपं आहे: रेग्युलेटरवरची 'बॅट' (बॅटरीचं) आणि 'जेन' (डायनॅमोचं) ही टर्मिनल वायरच्या तुकड्याने क्षणभर टेकवायची. बारीक ठिणगी उडते, झालं. आम्ही ते केलंच नाही. डायनॅमोने उलटी वीज तयार केली, कटआउटचे, म्हणजे रेग्युलेटरमधल्या डायनॅमो-बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या रिलेचे, पॉइंट तडतडून जळाले आणि म्हणून रेग्युलेटर नवा आणावा लागला. एका चुकीच्या निदानातून दुसरं बिल निघालं ते असं. लुकासच्या पद्धतीने, म्हणजे फिल्डला प्लस टेकवून, डेल्को पोलराइझ करू नका. तसंच रेडिओसाठी लावलेला कंडेन्सर 'ए'वरच असू द्या. तो 'एफ'वर गेला की रेग्युलेटरचे पॉइंट जळतात.

आणि आता खरी गोम. हा रेग्युलेटर केबिनच्या पुढच्या पत्र्यावर रबरी बुशांवर बसतो, धक्के लागू नयेत म्हणून. रबरामुळे तो पत्र्यापासून तुटतो, त्यामुळे एका पायापाशी त्याला इवलीशी पितळी पट्टी असते, बोटाच्या पेरापेक्षा थोडी लांब. तीच त्याचा अर्थ. फिल्डचा करंट त्याच पट्टीतून परत जातो आणि व्होल्टेज मोजणारी कॉइलही तिच्याच भरवशावर काम करते. रंगाच्या वेळी माझी पट्टी निघाली आणि कुठल्यातरी डब्यात गेली. नवा रेग्युलेटरही पट्टीशिवाय, ताज्या रंगावर, रबरावर बसला. मग अर्थ मिळायचा तो स्क्रूच्या आट्यांचा पत्र्याला चुकून स्पर्श झाला तर. खड्ड्यात गाडी आदळली की कधी जुळायचा, कधी सुटायचा. सुटला की चार्जिंग बंद. अर्धवट जुळला की रेग्युलेटरला खरं व्होल्टेज दिसत नाही आणि तो भरमसाट चार्ज करतो. पाणी आटायचं ते त्याच दिवसांत.

एक खूण डोळ्यांसमोर होती. चोकचा नॉब ओढला की ॲमीटरचा काटा दचकायचा. रात्री हेडलाइट लावून बराच वेळ गेलो तर चोकची तार बोटाला कोमट लागायची. आमचे आप्पा शेजारी बसलेले असताना एकदा म्हणाले, "अरे, हे गरम का लागतंय?" मी म्हणालो, इंजिनाची ऊब असेल. इंजिनाची नव्हती. केबिन रबरावर, इंजिन रबरावर, आणि दोघांना जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी इंजिन काढताना निघाली ती परत लागलीच नव्हती. हेडलाइटचा सगळा करंट चोकच्या तारेतून आणि स्पीडोमीटरच्या केबलमधून बॅटरीकडे परत चालला होता. तुमच्या गाडीत चोक किंवा ॲक्सिलरेटरची तार गरम लागत असेल तर दुसरं काही तपासायच्या आधी ही पट्टी शोधा.

सहा व्होल्टवरच राहायचं का

माझं मत विचाराल तर गाडी फक्त दिवसा आणि रॅलीपुरती बाहेर निघत असेल तर सहा व्होल्ट काढू नका. जगभर लाखो गाड्या त्यावर धावल्या. शेवरोलेटने स्वतः १९५५ साली बारा व्होल्ट घेतले, तोवर हेच चाललं. सहा व्होल्टची बदनामी झाली ती बहुतेक केबलमुळे. तेवढ्याच कामाला दुप्पट करंट लागतो, म्हणजे सेल्फची केबल जाड हवी: तांब्याची, पन्नास ते सत्तर चौरस मिलिमीटरची. बाजारात तयार मिळणारी कारची केबल बारा व्होल्टसाठी असते. ती लावली की सेल्फ मरगळतो आणि दोष बॅटरीला लागतो. रेग्युलेटर ७.२ ते ७.४ व्होल्टच्या दरम्यान धरत असेल, भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर ६.३ च्या वर दाखवत असेल आणि सेल्फ मारताना पाचच्या खाली जात नसेल तर सगळं ठीक आहे. इंजिन हळू चालताना ॲमीटर डिस्चार्ज दाखवतो याला घाबरू नका. डायनॅमोचा तो स्वभावच आहे. कमी फेऱ्यांत तो देतच नाही.

मला मात्र रात्री कोकणात उतरायचं होतं. पस्तीस अँपिअरच्या आसपासचा डायनॅमो आणि सहा व्होल्टचे पिवळट दिवे घेऊन पावसात घाट उतरणं मला झेपणारं नव्हतं. म्हणून बारा व्होल्ट.

बारा व्होल्टला काय बदललं, काय नाही

सेल्फ मूळ सहा व्होल्टचाच ठेवला. तो बारावर जोरात फिरतो. या ट्रकला पायाचा सेल्फ आहे: पॅडल दाबलं की आधी पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत जाऊन बसतं आणि मग कॉन्टॅक्ट लागतो, त्यामुळे दात्यांवर धडक बसत नाही. पथ्य एकच, दोन-तीन सेकंदांहून जास्त दाबून धरायचा नाही. वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतात, त्यांना विजेशी देणंघेणं नाही. ऑइल प्रेशर आणि टेंपरेचरचे गेज नळीचे, तेही तसेच.

बल्ब सगळे बदलले. इग्निशन कॉइल बारा व्होल्टची, बॅलास्ट रेझिस्टर लागणारी होती म्हणून रेझिस्टरसकट घेतली. रेझिस्टरशिवाय अशी कॉइल लावली तर कॉइल तापते आणि पॉइंट जळतात. हॉर्न नवा, त्याचा रिले नवा. पेट्रोलच्या गेजला बारा व्होल्ट थेट देणं बरं नव्हे, म्हणून ७८०६ हा साधा रेग्युलेटर आयसी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवून त्याला सहाच व्होल्ट दिले. आयसी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतो.

अल्टरनेटर जुन्या बाजारातून घेतला, ५५ अँपिअरचा, आतच रेग्युलेटर असलेला. विद्युत भाग सोपा होता, खरा वेळ पुलीने खाल्ला. या २१६ घन इंचाच्या इंजिनाचा पट्टा रुंद असतो, सुमारे सोळा मिलिमीटर, आणि आजच्या अल्टरनेटरची पुली अरुंद. अरुंद पुलीवर रुंद पट्टा वरवर बसतो, तळाशी पकड नाही. पावसात चिरकतो आणि लोड आला की घसरतो. लेथवाल्याकडून रुंद खाचेची पुली करून घेतली, व्यास अडीच इंचाच्या जवळ. लहान ठेवायचं कारण असं की हे इंजिन आयडलला साडेचारशे-पाचशे फेऱ्यांवर चालतं. अल्टरनेटरला उठायला हजार-बाराशे तरी लागतात. क्रँकची, पंपाची आणि अल्टरनेटरची पुली एका ओळीत आहेत का ते लांब सरळ पट्टी लावून पाहा. डोळ्याने नको, डोळा फसतो.

चार्जिंगच्या इंडिकेटर दिव्याची (वळणाच्या नव्हे) वायर विसरू नका. किल्ली फिरवल्यावर या दिव्यातूनच अल्टरनेटरला पहिला करंट मिळतो, तेव्हा कुठे तो जागा होतो. दिवा दोन-तीन वॉटचा साधा बल्ब हवा. मी हौसेने एलईडी लावला होता. त्यातून पुरेसा करंट जाईना आणि गाडी एकदा जोरात रेस केल्याशिवाय चार्जिंग सुरूच होईना.

आणि एक कळकळीची विनंती. "अल्टरनेटर चार्ज करतो का बघू" म्हणून चालू इंजिनावर बॅटरीची तार काढायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. काढू देऊ नका. बॅटरी सुटली की व्होल्टेज उसळतं आणि आतले डायोड किंवा रेग्युलेटर जागेवर जातात. गाडीवर वेल्डिंग असेल तेव्हाही अल्टरनेटरच्या वायरी आधी सोडवा.

आंबा घाट

तीन आठवडे मजेत गेले. मग रत्नागिरीहून येताना साखरपा सोडलं तोवर अंधार पडला. पाऊस, दिवे, वायपर. निम्मा घाट चढल्यावर हॉर्न वाजवला तर बकरी ओरडल्यासारखा आवाज. दिवे पिवळे. माथ्यावर चहासाठी थांबलो, नेहमीच्या सवयीने उताराकडे तोंड करून, आणि तीच सवय कामाला आली. पॅडल दाबलं तर टक्क. उतारावरून सोडून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि रात्री दीडला घरी पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी ठरवलं की आता मोजल्याशिवाय एक स्क्रूसुद्धा विकत घ्यायचा नाही.

बंद गाडीत वीज गळते का ते आधी पाहिलं. बॅटरीची मायनस तार काढून मधे मीटर लावला: ३० मिलिअँपिअर. पन्नासच्या आत असेल तर सोडून द्या. इथे चारशे वगैरे निघालं असतं तर दिवसाला जवळजवळ दहा अँपिअर-तास गळती, म्हणजे साठची बॅटरी आठवडाभरातच संपली असती. तसं नव्हतं.

मग इंजिन चालू, हेडलाइट चालू, इंजिन जरा वाढवून मोजमापं घेतली. अल्टरनेटरच्या प्लस बोल्टपासून त्याच्याच बॉडीपर्यंत १४.३ व्होल्ट, म्हणजे उत्तम. बॅटरीच्या दोन पोस्टवर १२.८. दीड व्होल्ट वाटेत गायब. कुठे गायब, ते शोधायची रीत सोपी आहे आणि तरीही कुणी करत नाही. मीटर व्होल्टवरच ठेवायचा, एक टोक अल्टरनेटरच्या प्लस बोल्टवर आणि दुसरं बॅटरीच्या प्लस पोस्टवर. क्लँपवर नव्हे, शिशाच्या पोस्टवर. जे दिसेल ते त्या वाटेत खाल्लेलं व्होल्टेज. माझं ०.६ आलं. तसंच अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचा मायनस पोस्ट: ०.९. बेरीज दीड. हिशेब पैशापैशाने जुळला. एका बाजूला ०.२ च्या वर आलं की तिथं काम आहे असं धरा.

हे मोजताना लोड चालू हवा. करंट वाहत नसेल तर ड्रॉप शून्यच दिसणार. आणि मीटर 'पीं' करतो म्हणून वायर चांगली, असं समजू नका. त्या वेळी टाँग टेस्टरवर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर) अल्टरनेटरचा करंट पंचवीस अँपिअरच्या आसपास होता. म्हणजे अर्थच्या वाटेतला अडथळा ओहमच्या शंभराव्या हिश्शात, ०.०३६ ओहम. तुमच्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचा अडथळा याहून जास्त असतो. पीं तर वाजणारच.

मग टोक एकेक पाऊल पुढे सरकवत गेलो. इंजिन ब्लॉक ते बॅटरी मायनस: जवळजवळ शून्य. अल्टरनेटरची बॉडी ते ब्रॅकेट: शून्यच. ब्रॅकेट ते ब्लॉक: ०.८ आणि वर थोडं. सापडला चोर. आठ मिलिमीटरच्या पट्टीचा तो देखणा ब्रॅकेट मी स्वतःच्या हाताने रंगवला होता, दोन हात प्रायमर आणि दोन हात काळा. त्याची बैठक, बोल्टची छिद्रं, वॉशरखालची जागा, सगळीकडे रंग. दिवसा आठ-दहा अँपिअरवर हे खपून जायचं. रात्री दिवे लागले की बॅटरी उपाशी.

ब्रॅकेटची बैठक घासून चकचकीत केली, रंग फक्त बाहेरून दिसणाऱ्या भागावर ठेवला, दातेरी वॉशर लावले, आणि भरवसा म्हणून अल्टरनेटरच्या बॉडीवरून थेट ब्लॉकला एक जाड वायर टाकली. त्यानंतर केबिन ते इंजिन विणलेली पट्टी, केबिन ते चॅसी दुसरी पट्टी. चोकची तार त्या दिवसापासून थंड आहे.

वायरिंग

प्लस बाजूचे ०.६ जुन्या वायरीत होते. डायनॅमोची मूळ वायर केबिनमध्ये जाऊन, ॲमीटर ओलांडून परत बॅटरीकडे यायची, आणि तिला सत्तर वर्षं झाली होती. सुती विणीचं कापड वरून शाबूत दिसतं. आतलं रबर वाकवलं की बिस्किटासारखं तुटतं आणि तांबं काळं पडलेलं असतं. काळं तांबं नीट क्रिंप होत नाही, त्याला डागही धरत नाही. जोड देत बसू नका, हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा जुडगा, नवा करा.

अल्टरनेटरच्या प्लसपासून थेट बॅटरीला दहा चौरस मिलिमीटरची नवी वायर टाकली आणि बॅटरीजवळ ऐंशी अँपिअरचा फ्यूज. ॲमीटरमधून चार्जिंगचा करंट आता जात नाही. जुन्या ॲमीटरचे स्क्रू डॅशबोर्डच्या पत्र्यापासून कागदी वॉशरच्या जाडीवर असतात. तिथून पन्नास-साठ अँपिअर नेणं म्हणजे आग पदरात घेणं. ॲमीटर काढवला नाही म्हणून केबिनचा फीड तेवढा त्यातून नेला. काटा आता फक्त खर्च दाखवतो, जमा नाही. खरी नजर ठेवायला डॅशखाली छोटा व्होल्टमीटर बसवला आहे.

माझ्या ट्रकात फ्यूज जवळजवळ नव्हतेच, हेडलाइट स्विचच्या आत एक थर्मल ब्रेकर, तेवढंच. सीटखाली सहा फ्यूजचा डबा बसवला. हेडलाइटला दोन रिले, हाय आणि लो, अडीच चौरस मिलिमीटरची वायर, आणि प्रत्येक दिव्याला स्वतःची अर्थ वायर, फेंडरच्या रंगीत पत्र्यावर न विसंबता. आधी दिव्यापाशी बॅटरीपेक्षा १.६ व्होल्ट कमी मिळत होते, आता ०.३. दहा टक्के व्होल्टेज कमी झालं की साध्या बल्बचा उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. घाटातले पिवळे दिवे त्याचेच. घराच्या फिटिंगची एकसंध तारेची वायर गाडीत वापरू नका, हादऱ्याने आतल्या आत तुटते. वायरीच्या टोकाचे लग हातोडीने ठोकून नव्हे, क्रिंपिंगच्या पान्याने दाबून घ्या. पत्र्यातून वायर जाईल तिथं रबरी ग्रोमेट.

जुना डायनॅमो, रेग्युलेटर आणि ब्रॅकेट डब्यात नाव घालून ठेवा. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या, धंद्याला न लावलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, आणि त्यात चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको अशी अट आहे. माझा ब्रॅकेट मूळ छिद्रांवरच बसतो, कुठेही नवं भोक नाही, वेल्डिंग नाही. वाटलं तर एका दुपारी डायनॅमो परत चढेल.

ताजे आकडे: रात्री, सगळे दिवे लावून, बॅटरीच्या पोस्टवर १४.० व्होल्ट. अर्थची बाजू ०.०८, प्लसची ०.१५. तेव्हापासून एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेला, बॅटरी एकदाही बाहेर चार्जिंगला गेलेली नाही.

फक्त गेल्या रविवारी कागलच्या अलीकडे गाडी बंद पडली, पेट्रोल संपून, आणि काटा 'फुल'च्याही पलीकडे टेकलेला. या गाडीत सेंडर, म्हणजे टाकीतलं पेट्रोल मोजून गेजला कळवणारा भाग, रिकाम्या टाकीला शून्य ओहम देतो आणि भरलेल्या टाकीला तीस. वायर किंवा अर्थ तुटला की काटा भरलेल्याच्या पुढे जातो. टाकी सीटच्या मागे आहे. तिलाही मी रंग दिला होता.